कच्छचा निवाडा टिकला, महाजन अहवाल का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका तरुण वाचकाचे पत्र आले. आंतरराष्ट्रीय कायदा, करार, लवाद हे सगळे दुबळ्यांच्या समाधानासाठी असते, ज्याच्या हातात काठी त्याचीच हद्द, असे त्याचे म्हणणे. पत्र मनापासून लिहिलेले होते आणि त्यातली चीड मला समजते. युक्रेन आणि गाझाची दृश्ये रोज पाहणाऱ्या पोराला दुसरे काय वाटणार? पण त्याने काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, आणि आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात राहणाऱ्याने तरी तो मान्य करू नये असे मला कळकळीने वाटते. पत्र थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे.

माझी नोकरी भूमापन खात्यात गेली. बेळगाव, खानापूर, हुक्केरी तालुक्यांतले बांध मी आधी साखळी धरून आणि पुढे यंत्र लावून मोजले. मोजणी कितीही काटेकोर असो, लगतच्या खातेदाराला नोटीस पोचलेली नसेल आणि दगड रोवताना तो बांधावर हजर नसेल, तर ती टिकत नाही. टिप्पण बरोबर, आकारबंद बरोबर, क्षेत्र गुंठ्याला गुंठा जुळलेले, तरी पुढच्या नांगरटीला दगड जागेवरून हललेला असतो. उलट दोघांनी आधीच ‘पंच सांगतील ते मान्य’ म्हणून सही दिली असेल, तर ज्याचे दोन गुंठे गेले तोसुद्धा दगड उपटायला जात नाही. कुरकुरतो, शेजाऱ्याशी वर्षभर बोलत नाही, पण दगडाला हात लावत नाही. निवृत्तीनंतर देशादेशांच्या हद्दींचे खटले वाचायला घेतले तेव्हा तिथेही मला हेच दिसत गेले.

आपल्याच देशाचे उदाहरण घेऊ. एप्रिल 1965 मध्ये कच्छच्या रणात भारत आणि पाकिस्तानच्या फौजा भिडल्या. 24 व्या अक्षांशापर्यंतचा, म्हणजे साधारण 3,500 चौरस मैलांचा भाग आपला असे पाकिस्तान म्हणत होता. रण सगळे कच्छचे, असे आपण म्हणत होतो. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन मध्ये पडले आणि 30 जून 1965 ला करार झाला. लवादाचा निर्णय दोन्ही सरकारांवर बंधनकारक राहील आणि कोणत्याही कारणावरून त्यावर शंका घेता येणार नाही, असे त्यात लिहिले होते. सह्या झाल्या तेव्हा निकाल कुणाच्या बाजूने लागणार हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर सप्टेंबरचे मोठे युद्ध झाले, लाहोरच्या वेशीपर्यंत तोफा पोचल्या, तरी कच्छपुरता हा करार दोघांनीही पाळला. काठीवाल्या हद्दीच्या गोष्टी करणाऱ्यांनी एवढ्यावर तरी थोडा वेळ विचार करावा.

पंच तिघे. भारताने युगोस्लाव्हियाचे आलेश बेब्लर यांना नेमले, पाकिस्तानने इराणचे नसरुल्ला इन्तेझाम यांना, आणि अध्यक्ष म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन यांना. 19 फेब्रुवारी 1968 ला निकाल लागला. वादातला सुमारे नव्वद टक्के भाग भारताचा ठरला आणि दहा टक्के पाकिस्तानचा. कांजरकोट, धारा बन्नी, छाड बेट ही ठिकाणे गेली. देशभर ओरड झाली, कच्छमध्ये सत्याग्रह झाला, संसद तापली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, याचिकाकर्त्यांत आपले मधू लिमयेही होते. न्यायालयाने 1969 मध्ये सांगितले की ही भूमी दुसऱ्याला देऊन टाकणे नव्हे, संदिग्ध असलेली हद्द ठरवून घेणे आहे, त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. सरकारने निवाडा पाळला. दोन्हीकडच्या भूमापकांनी मिळून त्या खाऱ्या चिखलात खांब रोवले. पुढे 1971 चे युद्ध झाले, कारगिल झाले. पण लवादाने आखलेल्या त्या रेषेवर पुन्हा वाद उभा राहिला नाही.

आणि जो भाग लवादापुढे ठेवलाच नव्हता, त्या पश्चिम टोकाच्या सर क्रीकचा वाद आजही तसाच पडून आहे. तिथे दोन्ही बाजू मुंबई सरकारच्या 1914 च्या ठरावावर आणि त्याच्या नकाशावर बोट ठेवतात. नकाशातली हद्दीची हिरवी रेघ खाडीच्या पूर्वेच्या काठाने धरायची की हद्द खाडीच्या मध्यातून धरायची, एवढ्यावर सगळे अडले आहे. एकच रण, दोन्हीकडे तीच सरकारे. पंचाकडे गेले ते मिटले, न गेलेले लटकले.

लागरग्रेन यांच्या निकालातला एक भाग मला विशेष मोलाचा वाटतो. धारा बन्नी आणि छाड बेटावर सिंधकडचे गुराखी गुरे चारत आले होते, त्याची पंचांनी दखल घेतली. नगर पारकरजवळ रणाचे दोन फाटे पाकिस्तानच्या भूमीत आत घुसलेले आहेत. ते भारताचे ठरवले असते तर तिथल्या लोकांच्या दारातच परका मुलूख आला असता आणि रोजची कटकट सुरू झाली असती. म्हणून शांततेसाठी ते पाकिस्तानकडे द्यावेत असे अध्यक्षांनी लिहिले. कोणाला ते न्यायाच्या चौकटीबाहेरचे वाटले, आपल्याकडे तशी टीकाही खूप झाली. माझे मत वेगळे आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुरे घेऊन निघालेल्या माणसाचे काय होईल, याचा विचार ज्या पंचाने केला त्याचीच रेषा टिकली.

आता आपल्याकडे वळू. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्राने 1966 मध्ये महाराष्ट्र आणि म्हैसूर (आजचे कर्नाटक) यांच्या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला. अध्यक्ष माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन. फाळणीच्या वेळी 1947 मध्ये रॅडक्लिफ यांच्या पंजाब सीमा आयोगाचे जे सदस्य होते, त्यांत हेच महाजन होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. रॅडक्लिफसाहेब त्याआधी कधी हिंदुस्थानात आले नव्हते. 8 जुलैला उतरले, पाच आठवड्यांत रेषा मारली, आणि ती लोकांना कळली 17 ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. आपण कोणत्या देशात आहोत हे लाखो माणसांना तोपर्यंत माहीत नव्हते. ज्यांच्या शेतातून ती रेषा गेली त्यांना नोटीस कसली मिळणार!

महाजन अहवाल ऑगस्ट 1967 मध्ये आला. निपाणी, खानापूर महाराष्ट्राकडे, बेळगाव कर्नाटकातच, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जतचा काही भाग कर्नाटकाकडे. महाराष्ट्राने तो नाकारला, कर्नाटक त्याला चिकटून राहिले, आणि केंद्राने तो बासनात बांधून ठेवला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही महाराष्ट्राची तत्त्वे. आंध्र आणि मद्रासच्या सीमावादात ह. वि. पाटसकरांनी खेडे हा घटक धरून तोडगा काढला आणि तो 1960 मध्ये अमलात आला. तसे इथे झाले नाही, ही आपली जुनी तक्रार आहे आणि ती मला योग्यच वाटते. पण त्याच्याही आधीची उणीव मला भूमापक म्हणून जास्त खुपते. कच्छच्या करारात होते तसे, दोन्ही राज्यांच्या सह्यांचे, निकाल काहीही लागो तो बांधील राहील असे कलम महाजन आयोगापूर्वी कुठेच नव्हते. आयोग फक्त शिफारस करणार होता. कोणत्या नेत्याने तोंडी काय शब्द दिला होता यावर दोन्हीकडचे लोक आजही भांडतात. शत्रू म्हणवणाऱ्या दोन देशांनी जे लिहून दिले, ते एकाच देशातल्या दोन राज्यांनी लिहून दिले नाही.

निकाल लागूनही हद्द न ठरल्याने काय होते ते पाहायचे तर थायलंड आणि कंबोडियाकडे पाहावे. डांग्रेक डोंगराच्या कड्यावर प्रेआह विहिआर हे शंकराचे प्राचीन मंदिर आहे. सयाम, म्हणजे आजचा थायलंड, आणि तेव्हा कंबोडियावर राज्य करणारा फ्रान्स यांच्या 1904 च्या करारात हद्द डोंगराच्या पाणलोटाने जाईल असे ठरले. पण फ्रेंच अधिकाऱ्यांनी 1907 मध्ये काढलेल्या नकाशात रेषा पाणलोट सोडून सरकली आणि मंदिर कंबोडियाच्या बाजूला दाखवले गेले. सयामला नकाशे मिळाले, त्यांनी हरकत घेतली नाही. 1930 मध्ये सयामचे राजपुत्र दामरोंग मंदिर पाहायला गेले, तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्याने फ्रान्सचा झेंडा लावून त्यांचे स्वागत केले. तेव्हाही कुणी चकार शब्द काढला नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1962 मध्ये नऊ विरुद्ध तीन मतांनी मंदिर कंबोडियाचे ठरवले, त्याचे मुख्य कारण हे मौन. आमच्या खात्यात हरकतीची मुदत संपल्यावर अर्ज घेऊन येणारे खूप असतात, त्यांना मी काय सांगत असे ते इथे लिहायला नको.

थायलंडने निकाल पाळला. आपला झेंडा उतरवायला नको म्हणून सैनिकांनी अख्खा ध्वजस्तंभ झेंड्यासकट उपटून शेजारच्या कड्यावर नेला, पण मंदिर सोडले. मात्र मंदिराच्या भोवतालच्या जमिनीची हद्द प्रत्यक्ष जागेवर ठरलीच नाही. तिथून 2008 पासून गोळीबार सुरू झाला, 2013 मध्ये न्यायालयाला जुन्या निकालाचा अर्थ पुन्हा सांगावा लागला, आणि जुलै 2025 मध्ये त्या सीमेवर विमाने आणि तोफा चालल्या, लाखो लोकांना घरे सोडावी लागली. माझा तरुण मित्र म्हणेल, बघा, न्यायालयाचा काय उपयोग? मी म्हणेन, न्यायालयाने दिलेले मंदिर कंबोडियाकडेच आहे. रक्त सांडले ते खांब न रोवलेल्या भागावरून.

बलवान देश निकाल धाब्यावर बसवतात हे मी नाकारत नाही. दक्षिण चीन समुद्राबाबत 12 जुलै 2016 ला फिलिपिन्सच्या बाजूने लवादाचा निकाल लागला आणि चीनने तो सरळ झुगारला. युक्रेनने 1994 मध्ये सुरक्षिततेचे आश्वासन देणाऱ्या बुडापेस्टच्या कागदावर विश्वासून अण्वस्त्रे दिली, त्याचे काय झाले ते जगासमोर आहे. पण कुलभूषण जाधवांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये फाशी सुनावली, तेव्हा आपण काठी घेऊन गेलो नव्हतो. हेगला गेलो. नागपूरच्या हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली. 18 मे 2017 ला फाशीला स्थगिती मिळाली, आणि 17 जुलै 2019 ला न्यायालयाने 15 विरुद्ध 1 मताने सांगितले की व्हिएन्ना कराराप्रमाणे भारतीय अधिकाऱ्यांना त्यांची भेट नाकारणे चूक होते, शिक्षेचा फेरविचार करा. जाधव अजून सुटलेले नाहीत, ते दुःख आहेच. पण ती फाशी दिली गेली नाही. सांगली-सातारकडच्या कुणालाही विचारा, तो कागद बिनकामाचा होता का.

आता ज्या उदाहरणाची आपल्या भागात सर्वांत जास्त चर्चा व्हायला हवी त्याकडे येतो. कूचबिहारच्या सीमेवर भारताचे 111 तुकडे बांगलादेशाच्या पोटात आणि त्यांचे 51 तुकडे आपल्या पोटात होते. तिथे राहणाऱ्याला मतदान नाही, शाळा नाही, पोलीस नाहीत. मुलाला शाळेत घालायचे तर शेजारच्या गावातल्या दुसऱ्याच माणसाचे नाव बाप म्हणून लावायची पाळी यायची. इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांनी 16 मे 1974 ला करार केला. तो अमलात यायला 31 जुलै 2015 ची मध्यरात्र उजाडली. 17,160 एकर गेले, 7,110 एकर आले. हिशोब केला तर आपल्या पदरात दहा हजार एकर कमीच पडले. तरीही शंभरावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत एकमताने झाली, सत्ताधारी आणि विरोधक एका बाजूला. आणि रेषा बदलण्याआधी दारोदार जाऊन प्रत्येकाला विचारले गेले की तुला कोणत्या देशाचा नागरिक व्हायचे आहे. आपल्याकडच्या तुकड्यांतल्या चौदा हजारांवर लोकांनी भारत निवडला. तिकडून हजाराच्या आतबाहेर माणसे इकडे आली, बाकीची आपल्या घरात, आपल्या जमिनीवर राहिली. एकेचाळीस वर्षे फार झाली, त्यात एक पिढी होरपळली. पण शेवटी रेषा बदलली ती बंदूक न चालवता.

आपल्याकडे 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा कोणी कोणाला विचारले? त्या दिवसापर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. तो कोल्हापूरला गेला, आम्ही म्हैसूर राज्यात. शिनोळीपासून चालत येण्याच्या अंतरावर आमची गावे, आमच्या निम्म्या सुना चंदगडच्या, काहींचे घर इकडे आणि शेत तिकडे. वातावरण तापले की कोगनोळीच्या नाक्यावर बस अडतात, काळे फासले जाते, आणि दवाखान्याला निघालेला माणूस मध्येच उतरतो. मागे एका कार्यालयाच्या ओट्यावर एक आजीबाई भेटल्या. स्वतःच्या जमिनीचा उतारा हातात, कानडीत छापलेला. शिक्क्यावर बोट ठेवून मला विचारत होत्या, “दादा, ह्यात माझं नाव कुठं आहे?” मी दाखवले. त्यांनी तिथे कुंकवाचा टिपका लावावा तसा शाईच्या पेनाने ठिपका करून घेतला, पुन्हा कुणाला विचारायला लागू नये म्हणून.

त्या आजीबाईंसाठी मी ऑलंड बेटांचा करार वाचला. बाल्टिक समुद्रातली ही बेटे, लोक स्वीडिश भाषा बोलणारे. फिनलंड 1917 मध्ये स्वतंत्र झाला, बेटांवरच्या लोकांना स्वीडनमध्ये जायचे होते, त्यांनी सह्या गोळा केल्या, त्यांच्या पुढाऱ्यांना राजद्रोहाखाली अटक झाली. आपल्याला हे किती ओळखीचे वाटते! स्वीडन आणि फिनलंड युद्धाच्या तोंडाशी होते. प्रकरण राष्ट्रसंघाकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेकडे, गेले आणि जून 1921 मध्ये निकाल लागला: बेटे फिनलंडची. बेटवासी हरले. पण निकालाला जोडून लेखी हमी होती. शाळेची भाषा स्वीडिश राहील, जमीन स्थानिकांच्या हातून जाऊ नये म्हणून संरक्षण राहील, बेटांना स्वतःचे विधिमंडळ राहील, आणि फिनलंडने शब्द पाळला नाही तर राष्ट्रसंघाकडे दाद मागता येईल. शिवाय त्याच ऑक्टोबरात दहा देशांनी सही केली की तिथे कोणतेही सैन्य किंवा तटबंदी राहणार नाही. आज शंभर वर्षे उलटली. बेटांना स्वतःचा झेंडा आहे, स्वतःची टपाल तिकिटे आहेत, सरकारी भाषा स्वीडिशच आहे. पहिल्या विधिमंडळाची बैठक 9 जून 1922 ला झाली, तो दिवस ते सण म्हणून पाळतात. राष्ट्रसंघ कधीच विसर्जित झाला, फिनलंड नाटोत गेला, तरी ती हमी शाबूत आहे.

बेळगाव महाराष्ट्रात यावे असे मला वाटते, ते मी लपवत नाही. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, घटनेच्या 131 व्या कलमाखाली, आणि त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी काही लाख माणसे नको त्या बाजूला राहणारच: इकडे मराठी, नाहीतर तिकडे कानडी. अक्कलकोट आणि जतच्या कानडी बांधवांनाही उतारा आणि शाळा हवीच ना? म्हणून दोन्ही राज्यांच्या वकिलांना आणि आमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नेत्यांना माझी विनंती आहे. रेषेचा वाद चालू द्या, पण त्याच्या शेजारी एक दुसरा मसुदा आत्ताच तयार करा. उतारे आणि नोटिसा दोन्ही भाषांत, शाळा बंद न करण्याची हमी, सीमेपलीकडच्या दवाखान्यात आणि कॉलेजात सवलतीचा हक्क, बस न अडवण्याचा करार, आणि तक्रार ऐकायला दोन्ही राज्यांबाहेरचा, अधिकार असलेला माणूस. भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त घटनेने दिला आहे, त्याचे अहवाल वर्षानुवर्षे संसदेत जातात. त्याच्या शब्दाला बळ नाही, ते बळ या करारातून द्या. यासाठी कुणालाही आपला दावा सोडावा लागत नाही. कच्छमध्येही पहिली सही झाली तेव्हा दोघांनीही आपापला दावा सोडलेला नव्हता.

आणि आपल्याला एक विनंती. ऑलंडच्या 1921 च्या करारातली हमीची कलमे आणि 30 जून 1965 च्या कच्छ करारातले बंधनाचे कलम आपल्या रविवारच्या पुरवणीत मराठीतून छापावे. मजकूर फार लांब नाही, एका पानात बसेल. ज्या तरुणाने ते पत्र लिहिले त्याच्या हातात तो अंक पडावा अशी माझी इच्छा आहे. तो कायदा शिकत असल्याचे त्याने लिहिले आहे. दुसऱ्या मसुद्याचे काम करायला अशीच मुले लागतील.

आपला,
एक निवृत्त भूमापक
उचगाव, ता. बेळगाव